बेळगावच्या मातीतली हेरकादंबरी : खलनायक सापडला, नायक सापडेना

खानापूरची_लेक (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, शाळा आणि घर सांभाळून एक हेरकादंबरी लिहितेय. अडीचशे पानं झालीत आणि आता पुढं सरकत नाही. इथं सगळे सीमाभागातलेच वाचणारे आहेत, म्हणून विचारते.

वेड कुठून लागलं ते आधी सांगते. बाबा बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद. १८४८ सालचं ते वाचनालय. दर शनिवारी खानापूरहून गाडीनं जायचे आणि परत येताना पिशवीत स्वतःसाठी चरित्र आणि माझ्यासाठी बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर मी वाढले. कॉलेजात फ्रेडरिक फोर्साईथ हाती लागला. 'द डे ऑफ द जॅकल' ही फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाच्या कटावरची कादंबरी १९७१ साली आली, तेव्हा द गॉल जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ते घरीच, नैसर्गिक मृत्यूने गेलेले. म्हणजे मारेकरी हरणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण लेखक काम कसं चालतं ते दाखवतो. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा निघतो, बंदूक कुणाकडून बनवून घ्यायची, हॉटेलच्या नोंदी रोज रात्री कोण गोळा करतं.

मला तसंच लिहायचंय, पण आपल्या मातीत. माझा खलनायक युरोपातल्या पासपोर्टवर भारतात उतरतो आणि त्या पासपोर्टची मुळं गोव्यात आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त होण्याआधी, तिथं जन्मलेल्याला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनला करून घ्यावी लागते. हजारो गोवेकर पोटापाण्यासाठी त्या वाटेनं रीतसर गेले. माझ्या कथेत एक टोळी लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव उचलते. पैसा दुबईतून, डोकं तिसऱ्याच देशात आणि माणूस चोर्ला घाटातून कणकुंबी-जांबोटीमार्गे बेळगावात येतो.

इथवर माझं मला पटलंय. अडलंय नायकापाशी. दिल्लीहून आलेला 'रॉ'चा अधिकारी, पस्तिशीचा, कराटेत काळा पट्टा. तो बेळगावच्या स्टेशनवर उतरला की माझी पानं मरतात. तो खडेबाजारात फिरतो आणि खडेबाजार त्याच्याशी बोलतच नाही. काय करू?


पुस्तकवेडा_टिळकवाडी | रविवार, रात्री १०:२५

धाग्याची कल्पना फार आवडली. पासपोर्टचा धागा अजिबात सोडू नका. २६/११ ची पाहणी करून गेलेला माणूस आठवा. दाऊद गिलानीनं २००६ मध्ये अमेरिकेत नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली करून घेतलं आणि त्या नावाच्या खऱ्या पासपोर्टवर तो मुंबईत येत-जात राहिला. परदेशी पाठवणाऱ्या सल्लागाराचं ऑफिस थाटलं होतं. बनावट कागद एक दिवस पकडला जातो, खऱ्या कागदावरचा खोटा माणूस पकडणं अवघड. तुमचा खलनायक याच जातीचा आहे.

नायकाबद्दल विचार करून लिहितो.


माजी_सुभेदार | सोमवार, सकाळी ६:१०

ताई, मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, आता हिंडलग्याजवळ राहतो. मन लावून वाचलं. काही गोष्टी स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

'रॉ' हे परदेशातली माहिती मिळवणारं खातं. २१ सप्टेंबर १९६८ ला इंदिराबाईंच्या काळात सुरू झालं, पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. देशातल्या माहितीसाठी आयबी आहे, ती इंग्रजांच्या काळापासूनची. या दोघांनाही अटक करायचा अधिकार नाही. तुमचा नायक बेळगावात पिस्तूल काढून कुणाला बेड्या घालूच शकत नाही. बेड्या घालणार पोलीस नाहीतर एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा. ती २६/११ नंतर, २००८ च्या डिसेंबरात कायदा होऊन उभी राहिली.

दुसरं. 'एजंट' म्हणजे आपला अधिकारी नव्हे. अधिकारी पगारी नोकर असतो. एजंट म्हणजे त्यानं समोरच्या गोटात तयार केलेला माणूस, जो घरदार आणि मान पणाला लावतो. सगळ्या सिनेमांनी हा घोळ घालून ठेवलाय. तुम्ही तरी घालू नका.

तिसरं कमांडोंचं. आपल्या बेळगावात लष्कराचं कमांडो प्रशिक्षण चालतं म्हणून कथाकारांना वाटतं, इथं गल्लोगल्ली हेर. सैनिक वेगळा, हेर वेगळा. सैनिकाला गणवेश असतो, शेजारी भाऊबंद असतात, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणताना अंगावर काटा येतो. हेर एकटा. त्याचा एकटेपणा लिहा, कराटे नको.


खानापूरची_लेक | सोमवार, सकाळी ७:०५

सुभेदारकाका, राग कसला, तुमचे उपकार आहेत. अधिकारी आणि एजंट यांतला फरक मला नीट माहीत नव्हता. चाळीस पानं आजच बाजूला काढते.


निपाणीकर | सोमवार, दुपारी १:३०

सीमेवरची सगळ्यात मोठी गंमत तुमच्या कथेत आलीच नाही, ती म्हणजे सीमा. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. माझं शेत इकडं, बहीण कागलला, डॉक्टर कोल्हापूरचा. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद झाल्या आणि माणसं नाक्यावर उतरून बोचकी डोक्यावर घेऊन चालत पलीकडं गेली. करोनात याच नाक्यावर चाचणीचा कागद बघितल्याशिवाय सोडत नव्हते. तुमच्या खलनायकाची गाडी ठरल्या वेळी नाक्यावर आली आणि त्याच दिवशी बंद पुकारला गेला, तर? जगभराचा कट आखणाऱ्याला हे गणित सुचणार नाही. इथल्या शाळकरी पोराला ते पाठ असतं.

तपासही दोन राज्यांत अडकतो. महाराष्ट्रात दहशतवादविरोधी पथक, एटीएस, २००४ पासून, कर्नाटकात अंतर्गत सुरक्षा विभाग. एका राज्याच्या पोलिसांनी दुसऱ्या राज्यात माणूस धरला, की स्थानिक ठाण्याला कळवा, तिथल्या न्यायालयापुढं उभा करा, ट्रान्झिट रिमांड, म्हणजे माणूस आपल्या राज्यात न्यायची परवानगी, घ्या. पंचनामा एकीकडं मराठीत, दुसरीकडं कन्नडात. त्या दोन कागदांच्या मधे किती तास जातात ते लिहा. माझ्या मते तुमची खरी थरारक पानं ती आहेत.


बँकवाली_वडगाव | सोमवार, रात्री ८:४०

मी रोखपाल होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. पैशाचं लिहिते. 'दुबईतून पैसा' एवढं म्हणून भागणार नाही, वाचक विचारेल कसा. महिन्याला दहा लाखांवरच्या रोखीच्या व्यवहारांची माहिती बँका दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळवतात. तो कक्ष २००४ पासून आहे. शिवाय रक्कम कितीही असो, व्यवहार संशयास्पद वाटला तरी कळवायचं असतं. म्हणून मोठी रक्कम एकदम येत नाही. ती हवालानं येते, म्हणजे पैसा जागचा हलतच नाही. तिकडं एकानं दिला, इकडं दुसऱ्यानं दिला, हिशेब त्या दोघांत. पुरावा म्हणून बहुतेक वेळा एखाद्या नोटेचा नंबर.

आणि एक. दहशतवादाला पैसा लागतो, पण आपण समजतो तेवढा नव्हे. खोलीचं भाडं, दोन फोन, एसटीची तिकिटं. त्या छोट्या रकमा काउंटरवर बसलेल्या बाईच्या हाताखालून जातात. तिला काही खटकलं आणि तिनं ते लिहून वर पाठवलं, तर तिची चिठ्ठी पुढं कोण वाचतं? या प्रश्नानं मला नोकरीत कैकदा झोप लागली नव्हती.


शहापूरचा_विणकर | मंगळवार, सकाळी ९:१५

एक अवघड प्रश्न विचारतो. तुमच्या खलनायकाचं मूळ नाव काय ठेवलंय? तो कुठल्या धर्माचा? आमच्या गल्लीत मागाच्या खटखटीत सगळ्या जातीधर्माची माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात. असली कादंबरी निघाली की आमच्या शेजाऱ्याच्या पोराकडं आठवडाभर वेगळ्या नजरेनं बघितलं जातं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. लेखक पुस्तक लिहून मोकळा होतो आणि ते पोर तिथंच राहतं.


पुस्तकवेडा_टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ११:००

शहापूरकर, मुद्दा मान्य. पण भीतीपोटी २६/११ चे सूत्रधार कुठले होते हे लपवायचं का? लष्कर-ए-तैयबाचं नाव न घेता त्या रात्रीचं सत्य लिहिता येत नाही.


शहापूरचा_विणकर | मंगळवार, सकाळी ११:४०

लपवा असं मी म्हणत नाही. संघटनेचं नाव घ्या, माणसाचं घ्या, मोहल्ल्याचं घेऊ नका. दहशतीनं आजवर सगळे वेष घातलेत. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. तो बॉम्ब कॅनडातल्या खलिस्तानवाद्यांनी ठेवला. राजीव गांधींना १९९१ मध्ये श्रीलंकेतल्या एलटीटीईनं, म्हणजे तमिळ वाघांनी, मारलं. म्हणून काय आपण कॅम्पातल्या सरदारजीच्या दुकानात जायचं सोडलं?


माजी_सुभेदार | मंगळवार, दुपारी ४:२०

विणकरदादांशी सहमत. आमच्या पलटणीत कुणी कुणाचा धर्म विचारून ताटाला बसला नाही.

त्यांनी कनिष्कचं काढलं म्हणून लिहितो, कारण हेरगिरीतला माझ्या मते सगळ्यात दुःखद धडा तिथं आहे. कॅनडाचं गुप्तचर खातं मुख्य संशयिताच्या मागावर आधीपासून होतं. त्याच्या फोनवर कान होते. ४ जून १९८५ ला, म्हणजे विमान पडायच्या एकोणीस दिवस आधी, पाळतीवरच्या माणसांनी जंगलातून मोठा आवाज ऐकला आणि ती बंदुकीची गोळी समजले. ती स्फोटाची चाचणी होती. फोनची संभाषणं ध्वनिफितींवर येत होती, पण ती पंजाबीत, आणि पंजाबी कळणारी माणसं हाताशी पुरेशी नव्हती. फिती भाषांतराची वाट बघत पडून राहिल्या. पुढं त्यातल्या बऱ्याचशा पुसूनही टाकल्या. चौकशी आयोगाचा अहवाल २०१० साली आला, पंचवीस वर्षांनी.

यंत्र होतं, माणसं होती, पैसा होता. कळणारा कान नव्हता.


खानापूरची_लेक | मंगळवार, सायंकाळी ५:०५

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून शिक्षकांच्या खोलीत मी सुन्न बसून होते. विणकरदादा, खलनायकाचं नाव बदललं. त्याला आता स्वतःचं नावच उरलेलं नाही, मेलेल्या मुलाचंच आहे. धर्माचा उल्लेख पुसला. जे दोघे-तिघे त्याला घडवतात त्यांची संघटना मात्र नावानिशी येईल.

मला वाटतं नायक कुठं शोधायचा ते थोडं दिसायला लागलंय. अजून लिहा.


कॅसलरॉकची_वाट | मंगळवार, रात्री ११:३०

बरेच महिने नुसती वाचत होते, आज खातं उघडून लिहितेय. आई काणकोणची, वडील लोंढ्याचे, रेल्वेत.

तुम्ही कानाचं म्हणताय, मी आवाजाचं सांगते. आपल्या जंगलात खरी हेरकथा घडून गेलीय. १९५५ साली गोव्यात पोर्तुगीजांनी दडपशाहीचा कहर केला, सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. भारतानं नाकेबंदी केली. तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकला. पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांतून ते केंद्र बोलायचं, गोव्यातली माणसं दारं लावून ऐकायची. साप, पाऊस, जळवा, आणि रोज न चुकता प्रसारण. सहा वर्षं! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा विमानाला ध्वनिक्षेपक लावून या दोघांनी आकाशातून पोर्तुगीज आणि कोंकणीत ती बातमी सांगितली. त्या लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी ओलांडल्यावर.

पलीकडच्या बाजूलाही तसलाच एक होता. कासिमिरो मोंतेरो, गोव्यातल्या पोर्तुगीज पोलिसांतला, छळासाठी कुप्रसिद्ध. गोवा गेल्यावर तो पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल देल्गादो यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात तो होता. आंतरराष्ट्रीय कट म्हणतात तो हाच. गोव्याच्या पोलीस चौकीतून थेट स्पेनच्या सरहद्दीवर.

माझे वडील रात्रपाळीवरून आले की सांगायचे, बोगद्यापलीकडून कोण येतंय ते आवाजावरून ओळखायचं, दिव्यावरून नाही.


उचगावकर | बुधवार, सकाळी ७:५०

वा! अंगावर काटा आला ताई.

आता आवाजाचा विषय निघालाच आहे तर आमच्या बोलीचं सांगतो. आमच्या उचगावात, कडोलीत, येळ्ळूरला, कुद्रेमनीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. व्यासपीठावर चढलेला माणूस छापील मराठी बोलतो, 'मी जात आहे'. खाली उतरला की शेजाऱ्याला विचारतो, 'कुठं जाऊलालास?' साहेबाशी एक, दुकानात कन्नड मिसळून दुसरी, आईशी तिसरी. ही अदलाबदल आम्ही शिकत नाही, ती दुधातून येते.

बाहेरचा माणूस मराठी उत्तम शिकेल. शब्द चुकणार नाही, व्याकरण चुकणार नाही. चुकेल ते कुणाशी कसं बोलायचं ते. तो सगळ्यांशी एकच मराठी बोलेल. मी वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, माणूस तोंड उघडताच सांगू शकायचो की हा बेळगुंदीचा, हा चंदगडचा, आणि हा कुठलाच नाही.


बँकवाली_वडगाव | बुधवार, सकाळी ८:३०

उचगावकर, अगदी! काउंटरवर मला जे खटकायचं ते नेमकं हेच असायचं, फक्त असं मांडता येत नव्हतं.


दादरची_माहेरवाशीण | बुधवार, दुपारी ३:१०

माझं माहेर मुंबईचं, सासर गोकाक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माझा धाकटा भाऊ सीएसटीवर लोकलच्या बाजूला उभा होता. तो वाचला. त्या स्टेशनात ५८ माणसं मेली.

तो वाचला कारण विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या खोलीत बसून राहिले. वरच्या काचेतून गोळीबार दिसत होता, तरी ते माइकवरून लोकांना सांगत राहिले की इकडं येऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा. गोळ्या त्यांच्या खोलीवरही आल्या. भाऊ म्हणतो, रोज 'गाडी उशिरानं धावत आहे' सांगणारा तोच आवाज होता, म्हणून पाय आपोआप वळले. अनोळखी आवाज असता तर कदाचित थांबून विचार केला असता.

तुमच्या कादंबरीत स्फोट होणार असेल तर त्यात मेलेल्यांना नावं द्या. त्यांच्या डब्यात काय होतं ते लिहा. १६६ हा आकडा वाचून मला अजूनही राग येतो, कारण आकड्याला घरी कुणी वाट बघत नसतं.


निपाणीकर | बुधवार, दुपारी ३:४५

ताई, तुमच्या भावाला दीर्घायुष्य लाभो. पुढं काही लिहवत नाही.


खानापूरची_लेक | शनिवार, रात्री १२:२०

तीन दिवस इथं आले नाही, लिहीत होते. दिल्लीचा पस्तिशीचा अधिकारी गेला. म्हणजे तो आहे, पण आठव्या प्रकरणात येतो, फायली मागतो आणि चहा घेऊन जातो. नायिका खानापूर तालुक्यातली, कंत्राटावरची भाषांतरकार. मराठी, कन्नड, कोंकणी, थोडी उर्दू. तिच्याकडं शस्त्र नाही, ओळखपत्र सहा महिन्यांचं. टिपलेली संभाषणं ऐकून कागदावर उतरवायची आणि वर पाठवायची. तिचा कागद कोण वाचतं, वाचतं की नाही, हाच कादंबरीचा ताण. बँकवाल्या ताई, तुमची चिठ्ठी मी अशी घेतली. दादरच्या ताई, ज्यांचा जीव जातो ते पाचही जण पहिल्या भागातच नावानं भेटतात, आणि एकीचा डबा मी लिहिलाय.

सुरुवात खाली देते. चुकलं असेल तर सांगा.

"कणकुंबीवर सलग नऊ दिवस पाऊस होता आणि खोलीतले हेडफोनसुद्धा दमट झाले होते. अकरावी फाईल दोन मिनिटांची. जांबोटीचा म्हणवणारा मुलगा पणजीहून आईला फोन करत होता. 'आई, मी उद्या सकाळी निघतोय. तू माझी काळजी करू नकोस. औषधं वेळेवर घे.' पलीकडून म्हातारीचा हुंकार. संशयास्पद काही नाही, असं तिनं रकान्यात लिहिलं, पूर्णविराम दिला आणि बारावी फाईल उघडली.

मग पेन खाली ठेवलं. आवाज मायेचा होता. शब्द शुद्ध होते. जांबोटीचं पोर आपल्या आईशी इतकं शुद्ध बोलत नाही.

तिनं अकरावी फाईल पुन्हा लावली."